फरशीखालचा पंख

पाठ भिंतीला टेकून बसा. हात मांडीवर, तळवे वर. पुढचा अर्धा तास हाताने काही करायचं नाही. मनात एक पंख बनवायचा आहे, तोही अर्धाच: रेडिओवर उडणाऱ्या छंदाच्या विमानाचा डावा पंख, आत थर्माकोलचा गाभा, वर बाल्सा लाकडाची पातळ कातडी. विमान उडवायची घाई असेल तर ती चपलांबरोबर दाराबाहेर राहू दे. आज उडण्याकडे बघायचंच नाही. चिकटण्याकडे बघू, आणि त्यातही जास्त वेळ चिकटून होईपर्यंतच्या थांबण्याकडे.

जागा हिमायतनगर. नांदेड जिल्ह्यातलं नाही, हैदराबादचं. (हा खुलासा इथल्या मराठी माणसाला पाहुण्यांपुढे, कुरिअरवाल्यापुढे आणि एकदा तरी स्थळं सुचवणाऱ्या मावशींपुढे करावा लागतो.) लिबर्टीच्या चौकातून नारायणगुड्याकडे निघालं की दुकानांच्या पाट्यांमागे अजून काही जुनी घरं तग धरून आहेत. तशाच एका घराची मागची खोली घ्या. जमिनीला शहाबादी फरशी. एप्रिल महिना, सूर्य उगवायचा आहे. वरचा पंखा बंद ठेवा, नाहीतर थर्माकोलचे मणी खोलीभर होतील. खिडकी मात्र उघडी हवी. ती का, ते पुढे येईल.

डोळे मिटायचे तर मिटा. फरशीचा गारवा घोट्यांना लागू दे. दहा वाजेपर्यंत हा गारवा टिकणार नाही, म्हणून आपण या वेळी आलो आहोत. तीन-चार श्वास होऊ द्या.

मांडीवर थर्माकोलचा एक ठोकळा आला आहे असं समजा, साठ सेंटीमीटर लांबीचा. उचला. आकार पाहून हाताने जेवढा जोर लावला तेवढा लागतच नाही आणि हात हवा त्याहून वर जातो. पंखासाठी वापरतात त्या जातीचा एक घनमीटर थर्माकोल सोळा किलोच्या आसपास भरतो. त्यातला सुमारे ९८ टक्के भाग हवा. म्हणजे तुम्ही जे धरून बसला आहात ती बहुतेक हवाच आहे, फक्त जागच्या जागी कोंडलेली. अंगठ्याने हलकेच दाबा. खळगी पडते आणि राहते. गणपतीच्या मखरांत ज्यांच्या सुट्ट्या गेल्या त्यांना याचा आवाजही आठवेल, दात आंबवणारी ती करकर. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि मखरं पुन्हा कागद-कापडाकडे वळली. थर्माकोल यायच्या आधी हलक्या सजावटीचं काम भेंडाकडे असायचं. भेंडाचं बाशिंग ज्यांनी हातात धरलं आहे, त्यांना हलक्या वस्तूशी कसं वागावं हे शिकवायला नको. मूठ आवळायची नाही, बोटांवर तोलायची.

या ठोकळ्यातून पंख कापायचा आहे तो तापलेल्या तारेने. ठोकळ्याच्या दोन टोकांना सनमायकाचे दोन फर्मे लावले आहेत. मुळाकडचा २४ सेंटीमीटर रुंद, टोकाकडचा १६. फर्म्याची कड म्हणजेच पंखाच्या छेदाचा आकार: पुढे गोलसर, मागे निमुळता. धनुष्याला ताणलेली नायक्रोमची तार या दोन कडांवरून सरकेल आणि तिच्या उष्णतेने थर्माकोल वितळत जाईल. तार लाल होऊ द्यायची नाही. लाल तार कापत नाही, खाते. वितळणाऱ्या थर्माकोलच्या धुराचा वास घशात बसतो, म्हणून खिडकी उघडी.

इथे थोडं रेंगाळू. धनुष्याचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं शेजारच्या मुलाच्या. तुम्ही मुळाशी, तो टोकाशी. तुम्हाला २४ सेंटीमीटर चालायचं आहे, त्याला १६. पोहोचायचं मात्र एकाच क्षणी. म्हणून दोन्ही फर्म्यांवर एकसारखे दहा भाग पाडून आकडे घातलेले असतात आणि एकाने मोजायचं असतं. पोरगं तेलुगूत मोजतं: ओकटी, रेंडू, मूडू. तुमची तार त्याच्या आकड्यावर पोहोचते, त्याची तुमच्या. कोणी पुढे पळायचं नाही, कोणी मागे रेंगाळायचं नाही. टोकाकडची तार हळू चालते म्हणून तिथे ती जास्त वेळ थांबते आणि थोडं जास्त खाते. हा स्वभाव ओळखून टोकाचा फर्मा केसभर मोठा ठेवणारे लोक आहेत. मनातल्या मनात तो आवाज ऐका. नालुगू. ऐदू. हातांनी ओढायचं नाही, तार आपण होऊन पुढे येईल तेवढंच यायचं. मधल्या भागात तार जराशी मागे राहते, पोटाला बाक येतो, म्हणून शेवटच्या कडेला पोहोचल्यावर क्षणभर थांबा आणि मधल्या तारेला गाठू द्या.

कापून झालं. ठोकळ्याचे तीन भाग झाले: मधला पंख, त्याच्या वरचा तुकडा आणि खालचा तुकडा. ज्याला हे काम नवीन आहे तो पंख उचलतो आणि बाकीचं कचऱ्यात टाकतो. तुम्ही तसं करू नका. खालचा तुकडा फरशीवर ठेवा, पंख त्यात परत ठेवा, वरचा तुकडा वरून लावा. ठोकळा पुन्हा जसाच्या तसा. या दोन उरलेल्या तुकड्यांइतकी त्या पंखाला बरोबर बसणारी गादी जगात दुसरी कुठे मिळणार नाही, कारण ती त्याच्याच अंगावरून निघाली आहे. पुढचं सगळं या गादीवर अवलंबून आहे. पंख चिकटताना ज्या आकारात विसावेल तो आकार त्याला कायमचा लागणार. नंतर पिळून, वाकवून, रंधा मारून तो बदलत नाही.

तापलेल्या तारेने पंखावर बारीक केसांसारखे प्लॅस्टिकचे धागे सोडले आहेत. जुन्या, मऊ झालेल्या पॉलिश पेपरने ते काढा. जोर अजिबात नको, कागदाचं वजन पुरे. मग कोरड्या ब्रशने भुगा झाडा. हे झाडणं कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. राहिलेला एक मणी कातडीखाली गेला की बाहेर पुटकुळी दिसते, आणि मग ती घासली तर तिथलं लाकूड कागदासारखं पातळ होतं.

आता कातडी.

बाल्साची शीट हातात घ्या. दीड मिलिमीटर जाडी. रंग दुधात हळदीचं बोट बुडवल्याइतका पिवळट. हे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं; बाजारातला बराचसा बाल्सा इक्वेडोरहून येतो. सहा-आठ वर्षांत तोडणीला येतं, इतकं वाढीचं घाईचं आहे. आपल्या काटेसावरीच्या कुळातलं. फाल्गुनात पानं गाळून लाल फुलांनी भरणारी सावर ज्यांनी पाहिली आहे आणि तिचं लाकूड काडेपेट्यांना जातं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना बाल्साच्या हलकेपणाचं नवल वाटणार नाही. आपल्या मापाचा पूर्ण पंख, म्हणजे दोन्ही अर्धे मिळून १२० सेंटीमीटर, वरून-खालून मढवायला लागणारा बाल्सा साधारण ९०-९५ ग्रॅम भरतो. भारतात तो महाग पडतो, म्हणून अनेक शिकाऊ पोरं थर्माकोलवर तपकिरी कागद पांढऱ्या गोंदाने चिकटवतात, आणि ते पंखही झकास उडतात. बाल्साचा हट्ट धरायलाच हवा असं नाही. मनात मात्र खर्च येत नाही, तेव्हा आज बाल्साच घेऊ.

शीट चार बोटं रुंद असते, पंखाला त्याहून रुंद कातडी लागते. म्हणून शीटा कडेला कड जोडायच्या. लाकडाच्या रेषा पंखाच्या लांबीला समांतर हव्यात, कारण वाकण्याला विरोध रेषांच्या दिशेनेच होतो. कडा पट्टीला लावून सरळ कापून घ्या, एका बाजूने चिकटपट्टी लावून दोन शीटा जुळवा, पुस्तक उघडावं तशा उलट्या दुमडा, उघड्या फटीत पांढऱ्या गोंदाची बारीक रेघ, आणि परत सपाट. वर वजन. ही कातडी वाळली की तिला घासायचं ते आत्ताच, सपाट फळीवर. पंखावर चढल्यानंतर घासायला गेलं की उंचवट्यावरचं लाकूड आधी जातं.

तळवा कातडीवर ठेवून एक गोष्ट जाणवून घ्या. हे लाकूड अजून हवेशी बोलतं आहे. जुलैमध्ये ते आडवं फुगतं, एप्रिलमध्ये आकसतं. एका बाजूला पाणी लागलं की उन्हात घातलेल्या पापडासारखं कडेने उचलतं. म्हणूनच मोठ्या पृष्ठभागाला पाण्याचा गोंद लावताना विचार करावा लागतो: वर लाकूड, खाली थर्माकोल, आणि थर्माकोलमधून पाणी जाणार कुठे? ते कडेकडेने आणि लाकडातून निघत राहतं, दिवसचे दिवस, आणि तोवर लाकूड वळवळतं. पांढऱ्या गोंदाने पंख मढवता येतो, पण दाबाखाली त्याला भरपूर मुदत द्यावी लागते. ज्याला मुदत देता येत नाही त्याने तो वापरू नये.

मग घरात आणखी काय काय असतं? सनमायका चिकटवायचा पिवळा रबरी गोंद असतो. तो थर्माकोलवर लावलात तर तुमच्या डोळ्यांदेखत पंखात खड्डा पडेल. त्यातलं द्रावक थर्माकोल विरघळवतं. क्षणात चिकटणारे छोट्या ट्यूबमधले गोंदही बहुतेक हेच करतात. नवा कुठलाही गोंद आधी कापून उरलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यावर टाकून पाहावा आणि चहा होईपर्यंत वाट बघावी. आज आपण दोन भागांचं, सावकाश वाळणारं इपॉक्सी घेऊ. त्यात पाणी नाही, थर्माकोलला ते खात नाही, आणि पुरतं घट्ट व्हायला रात्रभर घेतं.

पहाटे का बसलो, त्याचं उत्तर इथे आहे. इपॉक्सीचे दोन भाग मिसळले की उष्णता निघते, आणि उष्णतेने ते आणखी लवकर घट्ट होतं. ढोबळ हिशेब असा की दहा अंश तापमान वाढलं की हातात असलेला वेळ निम्मा होतो. चाळिशीतल्या दुपारी खोल वाटीत कालवलेलं इपॉक्सी वाटीतच कढत होऊन बसतं. म्हणून पहाट, आणि म्हणून वाटीऐवजी पसरट ताटली. दोन मिनिटं सावकाश कालवा. कडेचं मध्ये, मधलं कडेला. पांढुरक्या रेघा जाईपर्यंत.

किती लावायचं? या प्रश्नापाशी जरा बसा.

हात सांगतो, भरपूर लाव, म्हणजे घट्ट बसेल. आता हिशेब बघा. आपल्या पूर्ण पंखाचं दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरसुद्धा नाही, अर्ध्याच्या जवळ आहे. त्यावर वहीच्या कागदाच्या जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा थर दिला तर इपॉक्सी होतं पन्नास-पंचावन्न ग्रॅम. आतला सगळा थर्माकोलही तेवढाच भरतो. जो गोंद डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही, तो गाभ्याइतका जड. त्याच्या दुप्पट लावला तर विमान गोंदालाच उचलत बसेल.

आणि दुप्पट लावून मिळतं काय? काही नाही. नीट चिकटलेली कातडी ओरबाडून काढायचा प्रयत्न केला तर गोंद सुटत नाही, थर्माकोल फाटतो. लाकडाच्या पाठीला मणी चिकटून येतात. म्हणजे गोंदाला थर्माकोलपेक्षा जरासं बळकट असणं पुरतं, आणि थर्माकोल तर अंगठ्याने दबतो. गोंदाने फक्त सगळीकडे पोहोचायचं आहे. जोर दाखवायचं त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

तेव्हा इपॉक्सी लाकडाला लावा, थर्माकोलला नको. जुन्या एटीएम कार्डाने पसरवा आणि मग त्याच कार्डाने खरवडून परत काढा. लावण्यापेक्षा काढण्यातच जास्त वेळ जाऊ द्या. लाकूड ओलसर दिसावं, चमकू नये. बोट टेकवलं तर चिकट लागावं, बोटाला लागून येऊ नये. मनातल्या मनात कार्डाचा तो आवाज ऐका: आधी ओला, मग कोरडा होत जाणारा. कोरड्या आवाजापाशी थांबायचं. खालची कातडी झाली, वरची झाली.

आता बंद करू. खालची गादी फरशीवर, तिच्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद, म्हणजे कडेने निसटलेलं इपॉक्सी गादीला धरणार नाही. त्यावर खालची कातडी, ओली बाजू वर. गाभा. वरची कातडी, ओली बाजू खाली. पुन्हा प्लॅस्टिक, वरची गादी. मुळाकडून बघा, टोकाकडून बघा. ठोकळ्याच्या कडा एका रेषेत आल्या का? मागची कड जिथे दोन कातड्या एकमेकींना भेटतात, तिथे गादी फार पातळ असते, ती दुमडली नाही ना?

आणखी एक गोष्ट आत्ताच ठरवायची असते. टोकाकडची मागची कड किंचित उचललेली असली तर वेग कमी पडल्यावर पंखाचं टोक आधी हार मानत नाही, मूळ आधी मानतं, आणि विमान एका बाजूला कोसळायच्या ऐवजी नाक खाली घालून सावरतं. आपल्या १६ सेंटीमीटरच्या टोकाला दोन अंशांचा पीळ म्हणजे साडेपाच मिलिमीटर. गादीखाली त्या कोपऱ्याला साडेपाच मिलिमीटरची पट्टी सरकवली की झालं. उद्या सकाळी हा पीळ पंखाचा झालेला असेल. आज चुकून फरशीच्या उंचवट्याने पडलेला पीळही तसाच पंखाचा होईल. गोंदाला हेतू कळत नाही.

वर एक सपाट फळी आणि फळीवर वजन. पुस्तकं चालतात, मराठी घरात जाड ग्रंथांना हे काम नेहमीच मिळत आलं आहे. आपण शहाबादी फरशीच घेऊ, घराचं काम झालं तेव्हा उरलेली, दोन फूट बाय दोन फूट, इंचभर जाड. चोवीस-पंचवीस किलो. दोघांनी धरून, बोटं सांभाळून, हळू खाली. ती टेकली तो क्षण पाहा. थर्माकोल किंचित कुरकुरतो आणि गप्प होतो.

यापेक्षा जास्त दाब हवा म्हणून काही जण पंख प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पंपाने हवा काढतात. पद्धत चांगली आहे, पण तीही बेताने वापरावी लागते. बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब पंखावर आणला तर एवढा हलका थर्माकोल चेपतो आणि पंख बारीक होऊन बाहेर येतो. पूर्ण दाबाचा दहावा हिस्सासुद्धा आपल्या अर्ध्या पंखावर शंभर किलोंहून जास्त भरतो. आपल्या फरशीचा दाब त्याच्याही कितीतरी खाली आहे, आणि तो पुरतो, कारण गादी नेमकी बसते. जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांना आधीच ओळखतात तिथे दाबाला फार बोलावं लागत नाही.

आता थांबायचं. रात्रभर, आणि जमलं तर पुरते चोवीस तास. फरशी उचलून आत झालं का बघायचं नाही. अर्धवट घट्ट झालेला थर एकदा हलला की परत तसाच धरत नाही.

तोवर एक जुनी गोष्ट मनात येऊ दे. १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, सातव्या निजामाने ब्रिटिश हवाईदलाच्या एका तुकडीला विमानं घेऊन दिली. डीएच-९ए जातीची, लाकडी सांगाड्याची, कापडाने मढवलेली. त्या ११० क्रमांकाच्या तुकडीच्या नावापुढे तेव्हापासून हैदराबाद लागलं. याच निजामाचे थोरले पुत्र आझम जाह, हिमायत अली खान. आपली वस्ती त्यांच्या नावाची. बापाने पंख विकत घेतले आणि मुलाच्या नावाच्या गल्लीत आपण एक चिकटवत बसलो आहोत. दुसऱ्या महायुद्धात ती हैदराबाद तुकडी ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली आणि शेवटच्या टप्प्यात तिच्याकडे मॉस्किटो विमानं आली.

मॉस्किटो २५ नोव्हेंबर १९४० रोजी पहिल्यांदा उडालं. दोन इंजिनं, आणि जवळपास सगळा सांगाडा लाकडाचा. धडाची भिंत बर्च प्लायचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये बाल्सा. आपल्या पंखात बाल्सा कातडी आहे, तिथे तो गाभा होता. धडाचे दोन अर्धे साच्यावर चढवून, पोलादी पट्ट्यांनी आवळून, गोंद धरेपर्यंत तसेच ठेवत. फर्निचरचे कारखाने या कामाला लागले होते. काम तेच: आकारावर ठेवायचं, दाबायचं, थांबायचं.

१९४४ च्या उत्तरार्धात आपल्याकडे काही मॉस्किटो हवेत मोडले. पंखांचे चिकटवलेले सांधे सुटलेले सापडले. विमानं जमिनीवर थांबवली गेली, ती बनवणाऱ्या कंपनीच्या वतीने हेरवर्ड डी हॅव्हिलँड तपासायला हिंदुस्थानात आले. पहिला संशय साहजिकच इथल्या ऊन-पावसावर आणि गोंदावर. आम्ही हैदराबादचे लोकही एप्रिलमध्ये सगळ्याचा दोष हवेवर टाकतो. पण पंख उघडून पाहिल्यावर सांध्यांचं कामही कच्चं दिसलं. भाग एकमेकांत जिथे घट्ट टेकायला हवे होते तिथे ते टेकलेच नव्हते. फटीत गोंद होता, आणि गोंदाकडून फट भरून वर भारही पेलायची अपेक्षा होती. हवेने तिचं काम केलं असेलच. मला मात्र त्या न टेकलेल्या लाकडांचंच जास्त वाटतं. ती कारखान्यातून निघाली तेव्हा बाहेरून पूर्ण चिकटलेली दिसत असणार.

मनाने फरशीखाली जा. कातडी आणि गाभा कुठे टेकले आहेत, कुठे नाहीत? बाहेरून दिसणार नाही. मघाशी झाडलेला भुगा, घासलेले केस, खरवडलेला गोंद, जुळवलेली गादी यांचं उत्तर आत्ता आत ठरतं आहे, आणि त्यात तुमचा हात आता चालत नाही. हात मांडीवर आहेत ना? राहू द्या.

दीड मिलिमीटरच्या या दोन कातड्यांना एवढं महत्त्व का, तेही थांबल्या थांबल्या बघून घेऊ. त्या एकमेकींवर चिकटवून तीन मिलिमीटरची पट्टी केली तर ती दोन बोटांनी वाकते. त्याच दोघींना मुळाजवळ २६ मिलिमीटरच्या थर्माकोलने दूर धरलं, तर कागदावरच्या हिशेबाने त्यांचा वाकण्याला विरोध सुमारे अडीचशे पट होतो. लाकूड तेच, एक ग्रॅमही वाढलेलं नाही. फक्त दोघींमध्ये अंतर आलं. पंखाला वर उचल मिळते तेव्हा खालची कातडी ताणली जाते आणि वरची लांबीच्या दिशेने दबते. ताणलेलं पातळ लाकूड सोसतं. दबलेलं पातळ लाकूड मात्र बाजूला निसटायला बघतं, फुगायला बघतं, आणि त्याला जागेवर धरतो तो थर्माकोल, त्या कागदाएवढ्या थराच्या आधाराने. वरच्या कातडीखाली कुठे रुपयाएवढी जागा न चिकटलेली राहिली असेल तर विमान जोराने वर खेचल्यावर पंख तिथून मोडायला सुरुवात होईल.

दुसरी सकाळ. फरशी उचला, दोघांनी. वरची गादी काढा. प्लॅस्टिक सोला. पंख आता वेगळाच लागतो. मुठीत धरायला भीती वाटत नाही, बोटांच्या पेरांनी वाजवला तर बोलतो. वाजवाच. मुळापासून टोकापर्यंत, वरची बाजू, बोटाएवढ्या अंतराने. टक, टक, टक. भरीव आणि आखूड आवाज म्हणजे धरलं आहे. कुठे तो आवाज सैल, पोकळ झाला तर पेन्सिलने गोल करा. त्या गोलात सुईने दोन भोकं पाडायची, एकातून सुईने पातळ इपॉक्सी सोडायचं, दुसऱ्यातून हवा निघते, आणि पुन्हा गादी, पुन्हा फरशी, पुन्हा एक रात्र. घाई करून पुढच्या कडेचं लाकूड लावायला घेऊ नका.

सगळा पंख एकसारखा बोलला तर मुळाकडून डोळा लावून टोकाकडे बघा. साडेपाच मिलिमीटरचा पीळ आला आहे का? दुसरा कुठला आला नाही ना? मग पुढच्या कडेच्या कातड्या पट्टीला लावून सरळ कापा, तिथे बाल्साची जाड पट्टी चिकटवा आणि तिला फर्म्याप्रमाणे गोल करा. मागची कड चाकूच्या पात्याइतकी बारीक ठेवायचा मोह होईल. दीड मिलिमीटर राहू द्या, नाहीतर गाडीच्या डिकीत पहिल्याच दिवशी चुरेल. आणि डिकीत ठेवलाच तर दुपारी उन्हात गाडी बंद करून जेवायला जाऊ नका. त्या तापात थर्माकोल नरमतो.

हा डावा झाला. उजव्यासाठी दोन्ही फर्मे ठोकळ्याच्या उलट टोकांना लावायचे असतात. मुळाचा जिथे होता तिथे टोकाचा. पोराला हाक मारण्याआधी ते एकदा बघून घ्या. दोन डावे पंख घेऊन बसलेली माणसं या छंदात बरीच आहेत.